सही रुग्णाची, जबाबदारी कुणाची?

रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, ६ मे १९५३ ची संध्याकाळ. समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. गावात जे हाताशी होतं त्यातून पायाला लाकडी पट्ट्यांचा आधार दिला गेला. ८ मे रोजी टॅक्सीनं सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. दुसऱ्या दिवशी तो एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच दिवशी रात्री गेला.

मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. मोडलेलं हाड जागेवर आणताना आपल्या मुलाला भूल दिली गेली नाही, फक्त मॉर्फियाचं इंजेक्शन देऊन, माणसं लावून, जोर करून पाय ओढला आणि प्लास्टर घातलं, त्या धक्क्यानं तो दगावला, असं त्यांचं म्हणणं होतं. हाडातली चरबी रक्तात जाऊन मृत्यू ओढवला, असा डॉक्टरांचा बचाव होता. दिवाणी न्यायालयानं वडिलांची बाजू मान्य करून तीन हजार रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयानं ती कायम केली. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही डॉक्टरांचं अपील फेटाळलं. मुलाच्या मृत्यूला तोवर पंधरा वर्षं होत आली होती.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावानं हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाचा भारतातला जवळपास प्रत्येक मोठा खटला त्याचा आधार घेतो. डॉक्टर रुग्णाला तपासायला घेतो तेव्हा त्याच्यावर तीन कर्तव्यं येतात, असं न्यायालयानं तिथं सांगितलं. हा रुग्ण आपण घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं आणि ठरलेला उपचार काळजीपूर्वक देणं.

या खटल्यात तक्रारदार स्वतः डॉक्टर होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भूल म्हणजे काय, मॉर्फियानं किती काम होतं, हाड कसं बसवतात, हे त्या वडिलांना ठाऊक होतं. त्यामुळे नेमकं काय चुकलं हे ते बोट ठेवून सांगू शकले. आपल्याकडे रुग्णालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या बहुतेकांकडे हे ज्ञान नसतं. वैद्यकीय खटल्यांचा आणि रुग्णाच्या जबाबदारीचा सगळा प्रश्न माझ्या मते इथून सुरू होतो. रुग्णानं स्वतःच्या प्रकृतीची जबाबदारी घ्यावी हे म्हणणं रास्तच आहे. पण जबाबदारी माहितीच्या पाठोपाठ येते. ज्याला काही सांगितलंच नाही त्याला जबाबदार धरता येत नाही, आणि ज्याला नीट सांगितलं होतं त्याला पुढे हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्रातले आणि बाहेरचे काही गाजलेले निकाल वाचत गेलं की हे सूत्र पुन्हापुन्हा समोर येतं.

तेहतीस वर्षं आणि छत्तीस हजार रुपये

तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १० जुलै १९६३ रोजी एक बाई सरकारी प्रसूती रुग्णालयात बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोटात दुखू लागलं, प्रकृती ढासळत गेली. १९ जुलैला दुसऱ्या शल्यचिकित्सकानं पोट उघडलं तेव्हा आत शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरलेलं कापड सापडलं. ते आतच राहून गेलं होतं आणि पू झाला होता. २४ जुलैला ती गेली.

कुटुंबानं सरकारविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयानं छत्तीस हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं तो हुकूमनामा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा लागू केला तो थेट फेब्रुवारी १९९६ मध्ये. रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यामुळे नोकरांच्या चुकीबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही, हा युक्तिवाद न्यायालयानं मानला नाही. पोटात कापड राहिलं हीच गोष्ट निष्काळजीपणा सांगायला पुरेशी आहे, वेगळा पुरावा कशाला हवा, असा त्या निकालाचा रोख होता.

या बाईची जबाबदारी कोणती होती? ती दवाखान्यात आली, सांगितलेली शस्त्रक्रिया करून घेतली आणि खाटेवर पडून राहिली. भुलीखाली असलेल्या माणसाकडून जागरूकतेची अपेक्षा कुणी करू शकत नाही. उपचाराचे काही क्षण असे असतात की रुग्ण आपलं सगळं शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवतो. त्या क्षणांची जबाबदारी पूर्णपणे त्या हातांची असते. रुग्णांच्या कर्तव्यांची यादी वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकानं हा खटला आधी आठवावा.

या कुटुंबाच्या नशिबी आलेली वाट आजही पुष्कळ गरिबांच्या वाट्याला येते. जिथं सगळ्यांना मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तिथल्या चुकीची भरपाई मागायची तर दिवाणी न्यायालय गाठावं लागतं आणि तिथं पिढी सरते.

ग्राहक झालेला रुग्ण

पैसे मोजणाऱ्या रुग्णासाठी मात्र १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दार उघडलं. डॉक्टरांच्या संघटनांचा त्याला विरोध होता. उपचार ही विकत घेण्याची सेवा नव्हे, डॉक्टर-रुग्ण नातं विश्वासाचं असतं, असं त्यांचं म्हणणं. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मोबदला घेऊन दिलेला उपचार ही कायद्याच्या अर्थानं सेवाच आहे. विमा कंपनीनं पैसे भरले तरीही.

२०१९ मध्ये नवा ग्राहक कायदा आला. विधेयकाच्या मसुद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द होता, अंतिम कायद्यातून तो गळला. मग डॉक्टरांच्या एका गटानं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली की आता डॉक्टर या कायद्यातून सुटले. ऑक्टोबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं ती याचिका पन्नास हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच मत कायम ठेवलं.

डॉक्टरांची भीती मात्र खोटी म्हणून झटकून टाकावी अशी नाही. वैद्यकशास्त्रात अनिश्चितता भरलेली आहे. सगळं नीट करूनही रुग्ण दगावतो. उपचार फसला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कायदाही मानत नाही. इंग्लंडमधल्या १९५७ च्या ‘बोलम’ खटल्यापासून चालत आलेली कसोटी आपल्या न्यायालयांनीही स्वीकारली आहे. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते या डॉक्टरनं केलं का, एवढंच पाहायचं. सर्वांत हुशार डॉक्टरनं काय केलं असतं हा प्रश्नच नाही. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर तो दोष ठरत नाही.

पाटीवरची पदवी

मुंबई, जुलै १९९२. एका खासगी कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याला ताप आला. शेजारच्या डॉक्टरनं आधी साध्या विषाणूतापाची आणि मग टायफॉइडची ॲलोपॅथीची औषधं दिली. प्रकृती बिघडत गेली, आधी नर्सिंग होम, मग मोठं रुग्णालय, आणि १४ जुलैला मृत्यू. डॉक्टरची पदविका होमिओपॅथीची होती.

पत्नीनं तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं ती फेटाळली. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल देऊन तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. ज्या शास्त्राचं शिक्षण घेतलेलं नाही त्या शास्त्रानं उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे, असं न्यायालय म्हणालं.

त्या कुटुंबानं पदवी विचारायला हवी होती का? आपल्याकडे डॉक्टरला पदवी विचारणं म्हणजे त्याचा अपमान असं अजूनही वाटतं. ‘गुण येतो’ एवढी खात्री पुरते. विचारलं तर बिघडत काहीच नाही. पण न विचारण्याचा दोष कोर्टानं त्या बाईच्या पदरात टाकला नाही, आणि ते योग्यच झालं. आपण काय शिकलो आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक असतं त्यानंच ते आधी सांगायचं असतं. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी करण्यात आली. तिच्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत वाद चालूच आहे. तो वाद कसाही सुटो. आपल्यासमोर बसलेल्या व्यक्तीचं शिक्षण काय, हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णाचा आहे आणि तो प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

सही

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. ऑपरेशनच्या आधी नर्स फॉर्म आणून देते. बारीक अक्षरांत, बहुतेक वेळा इंग्रजीत. ‘इथं सही करा, इथं आणि इथं.’ नातेवाईक सही करतात. कुणी वाचत नाही, कुणी वाचून दाखवत नाही. पुढे काही झालं की रुग्णालय म्हणतं, तुमची सही आहे.

दिल्लीतल्या एका अविवाहित स्त्रीच्या खटल्यानं या सहीचा अर्थ ठरवला. वय ४४. मे १९९५ मध्ये ती दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. संमती तेवढ्याचीच होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरनं बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची सही घेतली आणि तिचं गर्भाशय, बीजकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या. जानेवारी २००८ मध्ये ‘समीरा कोहली’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान, भानावर असलेल्या रुग्णाची संमती त्याचीच असते, ती दुसऱ्या कुणी देऊन चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीनं काही करावं लागलं तर गोष्ट वेगळी. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. भरपाई फक्त पंचवीस हजार रुपये मिळाली, पण निकालाचं मोल फार मोठं आहे.

संमती घेण्याआधी डॉक्टरनं काय सांगायला हवं, हेही त्या निकालात आहे. उपचार कसा करणार, कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल. दूरदूरचे, क्वचित घडणारे सगळे धोके सांगण्याची सक्ती न्यायालयानं केली नाही. पण जे सांगायचं ते रुग्णाला कळेल असं सांगायचं.

आणि इथं आपल्या समाजाच्या एका खोल सवयीबद्दल बोलायला हवं. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला की घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका, ते खचतील.’ पुष्कळ डॉक्टर ते ऐकतातही. यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. पण परिणाम असा होतो की ज्याचा देह, ज्याचं उरलेलं आयुष्य, त्यालाच निर्णयातून वगळलं जातं. केमो घ्यायची की नाही, शेवटचे महिने कुठं काढायचे, कुणाला भेटायचं, कोणतं काम उरकायचं, हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. रुग्णाला अंधारात ठेवायचं आणि तो औषधं नीट घेत नाही म्हणून त्याच्यावर चिडायचं, हा अन्याय आपण आपल्याच माणसांवर करतो.

कोर्टात रुग्णाची चूक

मग रुग्णाची चूक कधी धरली जाते? दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला मुंबईचा, १९९१ चा. मूत्रपिंडं निकामी झालेला, डायलिसिसवर असलेला, प्रत्यारोपणाची वाट पाहणारा एक रुग्ण तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं, तेव्हा तो तयार झाला नाही. नंतर दाखल झाला तेव्हा संसर्ग जिवावर बेतला होता आणि त्यावर चालणारी औषधं मोजकीच होती. अमिकासिनची इंजेक्शनं देण्यात आली. या औषधानं श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. आपण बहिरे झालो अशी तक्रार रुग्णानं केली, राष्ट्रीय आयोगानं चार लाखांची भरपाई दिली. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. डॉक्टरनं त्या परिस्थितीत जीव वाचवण्यासाठी योग्य तेच केलं, असा निष्कर्ष निघाला. दाखल होण्याचा सल्ला रुग्णानं मानला नव्हता, ही नोंद निकालपत्रात ठळकपणे आहे.

दुसरा कोलकात्याचा. अमेरिकेत डॉक्टर असलेले कुणाल साहा १९९८ मध्ये पत्नीसह सुट्टीला आले होते. पत्नी अनुराधा यांच्या अंगावर पुरळ उठलं. त्यांना स्टेरॉइडची इंजेक्शनं भलत्या मोठ्या मात्रेत दिली गेली. त्वचा सोलून निघण्याच्या गंभीर विकारात प्रकृती ढासळली. त्यांना विमानानं मुंबईला आणलं गेलं, तिथं २८ मे रोजी त्या गेल्या. डॉक्टरांच्या वतीनं सांगण्यात आलं की पती स्वतः डॉक्टर असल्यानं त्यांनी उपचारांत ढवळाढवळ केली. राष्ट्रीय आयोगानं त्यासाठी भरपाईतून दहा टक्के कापलेही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कपात रद्द केली आणि भरपाई सुमारे सहा कोटी रुपये अधिक व्याज अशी वाढवली. नातेवाईकांनी हस्तक्षेप केला असं मानलं तरी उपचार करणाऱ्यांची मूळ जबाबदारी त्यानं कमी होत नाही, हे न्यायालय २००९ मध्येच म्हणालं होतं.

पहिल्या खटल्यात रुग्णाला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही, आणि डॉक्टरनं तरीही आपलं काम नीट केलं. दुसऱ्यात घरच्यांकडे बोट दाखवून डॉक्टरांना स्वतःची चूक झाकता आली नाही. रुग्णाचं वागणं डॉक्टरच्या चुकीवरचं पांघरूण होऊ शकत नाही, आणि डॉक्टरची फी भरली म्हणून रुग्णाच्या वागण्याचे परिणाम डॉक्टरवर ढकलता येत नाहीत. कायद्यानं इतका समतोल साधला आहे.

दवाखान्याबाहेरची जबाबदारी

पण खटल्यापर्यंत पोचणारी दुखणी हा आजारपणाचा लहानसा भाग आहे. आपलं बहुतेक आजारपण आता वेगळ्या जातीचं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिकांचा रक्तदाब वाढलेला आहे. हे आजार एका ऑपरेशननं संपत नाहीत. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतो, बाकीचा सगळा महिना रुग्ण स्वतःचा डॉक्टर असतो. गोळी घ्यायची की नाही, किती चालायचं, ताटात काय वाढायचं, हे तोच ठरवतो.

इथं आपण कमी पडतो, हे मान्य केलं पाहिजे. बरं वाटलं की रक्तदाबाची गोळी बंद. साखर नॉर्मल आली की औषध बंद, जणू ती औषधाविना नॉर्मल आली होती. क्षयाची औषधं निदान सहा महिने घ्यायची असतात, खोकला थांबला की दोन महिन्यांत डबी फडताळात जाते आणि औषधाला न जुमानणारा क्षय घरात शिरतो. ‘सलाईन लावा, अशक्तपणा गेला पाहिजे’ असा हट्ट डॉक्टरकडे धरायचा, आणि जो लावत नाही तो डॉक्टर बदलायचा. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणून दोन दिवस खायचं. कुठलं काढा-चूर्ण चालू आहे, दारू किती, तंबाखू किती, हे डॉक्टरला सांगायचंच नाही. तंबाखूच्या देशव्यापी पाहणीत २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. चारांत एकाहून जास्त. मिश्री लावणाऱ्या बायकांपैकी किती जणी डॉक्टरांना ते आपणहून सांगत असतील?

लपवलेली माहिती भूल देताना जीव घेऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे सांगितलं नाही, तर साधा दात काढतानाही रक्तस्राव आवरत नाही. इथं सांगण्याचं काम रुग्णाचं आहे. डॉक्टरनं विचारलं पाहिजे हे खरं, पण विचारल्यावर खरं बोलणं हे सर्वस्वी आपल्या हातात असतं.

तरीही ही बोलणी सगळ्यांना सारखी लागू करता येत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. ऊसतोडीला गेलेल्या बाईची गोळ्यांची पाकिटं गावाकडच्या उपकेंद्रात राहतात आणि ती सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्याच्या फडात असते. घरातल्या सगळ्यांची औषधं वेळेवर देणारी बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढते. या लोकांना ‘तुम्ही स्वतःची काळजी घेत नाही’ असं सुनावणं निर्दयपणाचं आहे. ज्याला माहिती दिली आणि ती वापरण्याची सोयही दिली, त्याच्याकडूनच पुढचा हिशेब मागता येतो.

हात उगारण्याआधी

या सगळ्याची एक भयानक बाजू आपण पाहिली आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातेवाईकांच्या जमावानं इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर संपावर गेले आणि त्याची झळ पुन्हा गरीब रुग्णांनाच बसली. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टरांवर किंवा रुग्णालयावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. तरी हल्ले थांबलेले नाहीत.

फौजदारी खटल्याबाबतही सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ निकालात सीमारेषा आखली. लुधियानात एका रुग्णाला श्वास घेता येत नव्हता तेव्हा आणलेलं प्राणवायूचं नळकांडं रिकामं निघालं होतं. डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला, तो न्यायालयानं रद्द केला. तुरुंगात पाठवण्यासाठी साधी चूक पुरत नाही, अतिशय ढोबळ निष्काळजीपणा लागतो. तक्रार आली की लगेच अटक करायची नाही, आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं मत घ्यायचं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तो घडला तर कमाल दोन वर्षं.

संतापलेल्या नातेवाइकाला माझं सांगणं आहे की दगड उचललात की तुमची बाजू त्याच क्षणी संपते. आणि रुग्णालयांना माझं सांगणं आहे की अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेल्या माणसाला तासन्‌तास काही कळू दिलं नाही, बिलाचा आकडा मात्र वेळेवर कळवला, तर हा संताप तुम्हीच वाढवत आहात. दिवसातून दोनदा पाच मिनिटं उभं राहून खरं काय ते सांगणारा डॉक्टर अनेक भांडणं आधीच मिटवतो.

हक्क वापरायचे कसे

मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं होतं की गोपनीयतेचं कारण देऊन रुग्णाला त्याचे कागद नाकारता येत नाहीत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत केस पेपर मिळायला हवेत, आणि डॉक्टरनं ते तीन वर्षं जपायला हवेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी महाराष्ट्रात त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती होऊन ही सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक झालं. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात की भिंतीकडे पाहा. सनद नसेल तर विचारा. त्याच सनदेत रुग्णाची कर्तव्यंही आहेत. प्रकृतीची खरी माहिती द्यायची, उपचारांत सहकार्य करायचं, डॉक्टरांचा मान राखायचा, हिंसा करायची नाही आणि आपण घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी आपण घ्यायची.

चूक झाली असं वाटलं तर तीन वाटा आहेत. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. मोजलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. तिथं पैसे मिळत नाहीत, पण नोंदणी निलंबित होऊ शकते. आणि निष्काळजीपणा खरोखर ढोबळ असेल तरच पोलीस. प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. कागद लागतात हे मात्र नक्की. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं. आपण लग्नाच्या पत्रिका जपून ठेवतो आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट वर्षभरात हरवतो.

तोडगा खटल्यांत नाही, असं माझं मत आहे. खटला हा माहिती देण्यात आणि घेण्यात झालेल्या चुकीचा शेवटचा टप्पा असतो, आणि तिथं जिंकलेला माणूसही आपलं गेलेलं माणूस परत आणू शकत नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती साधी आहे. या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची चालू औषधं, आजार, ॲलर्जी आणि झालेली ऑपरेशनं एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. डॉक्टरकडे जाताना तो बरोबर न्या आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्या. आणि पुढच्या वेळी नर्स फॉर्म घेऊन आली, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसला, तर तो वाचा. भाषा कळली नाही तर मराठीत समजावून सांगायला सांगा. समजेपर्यंत सही करू नका.